मारणाऱ्याची कणव का येते?

ठाण्यात आमचा एक वाचनगट आहे. महिन्यातल्या एका रविवारी नौपाड्यात कुणाच्या तरी घरी जमायचं, ठरलेल्या पुस्तकावर बोलायचं आणि दुसऱ्या चहानंतर हमखास भलतीकडे जायचं, असा त्याचा शिरस्ता. यंदा आम्ही युद्धावरच्या कादंबऱ्या घेतल्या, आणि त्यातही मुद्दाम अशा, ज्यांत गोष्ट मारणाऱ्याच्या अंगानं सांगितलेली आहे. बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका एका बैठकीत अस्वस्थ होऊन म्हणाले, "मला त्या बाईची दया आली हो. छळछावणीवरची पहारेकरीण ती. तिची दया येते म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट असणार." कळव्याच्या शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी लगेच त्यांची सुटका केली. "खोट तुमच्यात नाही काका, लेखकात आहे. असल्या माणसांना आपल्या डोक्यात बिऱ्हाड करू द्यायचंच कशाला?"

या वादावर जाडजूड पुस्तकं निघाली आहेत आणि अजून निघतायत. त्यातलं जे मला उमगलं ते सोपं करून सांगायचा हा प्रयत्न. माझं मत आधीच सांगून टाकतो. दया आली की नाही, यावर वाचकानं स्वतःला फार कोसू नये. ती लेखकानं कुठल्या रस्त्यानं आणली, आणि ती येत होती तेवढ्या वेळात आपल्या नजरेआड कोण गेलं, हे मात्र तपासावं.

कादंबरी वाचताना आपण तीन गोष्टींची गल्लत करतो. एखाद्यानं असं का केलं हे कळणं, ही एक. त्याला जे वाटत होतं ते आपल्यालाही आतून वाटू लागणं, ही दुसरी. आणि "जाऊ दे, बिचारा" म्हणून मोकळं होणं, ही तिसरी. पहिलीवरून तिसरीवर आपण कधी घसरतो ते कळत नाही. काकांना भीती वाटत होती ती या घसरण्याची. ते मात्र दुसरीवरच अडकले होते, आणि तिथं अडकण्यात गुन्हा नाही.

व्यासांनी काय केलं

हा पेच आपल्याला नवा नाही. महाभारतातलं सौप्तिकपर्व ही अख्खी एका युद्धगुन्ह्याची गोष्ट आहे. अठराव्या दिवशी युद्ध संपलंय, दुर्योधन मांडी मोडून पडलाय. अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा रात्री रानात एका वडाखाली थांबतात. बाकीचे दोघं झोपतात, अश्वत्थाम्याचा डोळा लागत नाही. वर फांद्यांवर कावळे झोपलेले. एक घुबड आवाज न करता येतं आणि झोपेतच त्यांचा फडशा पाडतं. अश्वत्थामा ते बघत असतो, आणि त्याला कल्पना सुचते ती तिथं. तो दोघांना उठवतो. कृपाचार्य त्याचा मामा. तो परोपरीनं समजावतो: झोपलेल्याला, शस्त्र खाली ठेवलेल्याला मारत नाहीत, सकाळपर्यंत थांब. भाच्याचं म्हणणं, झोप कुणाला येते इथं? माझ्या बापाला कसं मारलं ते आठवतंय मला.

आणि ते आपल्यालाही आठवतंय. मुलगा मेल्याची खोटी बातमी सांगून द्रोणांना शस्त्र टाकायला लावलं आणि मग त्यांचं मस्तक उडवलं. "नरो वा कुंजरो वा" हे आपण सोसायटीच्या मीटिंगमधल्या गुळमुळीत उत्तरालाही म्हणतो, पण ज्याच्या मरणाची ती खोटी बातमी होती तो मुलगा हाच. इथवर वाचणारा अश्वत्थाम्याच्या बाजूला झुकलेला असतो. झुकावं अशीच मांडणी आहे.

मग व्यास आपल्याला त्याच्यासोबत छावणीत नेतात. धृष्टद्युम्न पहिला. तो विनवतो, निदान शस्त्रानं तरी मार, म्हणजे वीराला मिळणारा लोक मिळेल. अश्वत्थामा सांगतो, गुरूला मारणाऱ्याला कसला आलाय लोक, आणि त्याला जनावरासारखा लाथांनी तुडवून मारतो. पुढे द्रौपदीची पाचही मुलं. जे जीव घेऊन दाराकडे पळतात त्यांना कापायला दारात दोघं उभे असतात, कृतवर्मा आणि कृपाचार्य. थोड्या वेळापूर्वी "झोपलेल्याला मारत नाहीत" म्हणणारा तोच कृपाचार्य. मला या पर्वातला सगळ्यांत भयंकर माणूस हाच वाटतो. अश्वत्थाम्याजवळ निदान सूड होता. मामाजवळ काय होतं? भाचा निघाला म्हणून हा निघाला.

आणि त्यानंतर द्रौपदी येते. महाभारतातली द्रौपदी अन्न सोडून बसते, त्याचा बदला घ्या, त्याच्या माथ्यावरचा मणी आणून दाखवा म्हणते. भागवतातली द्रौपदी वेगळं बोलते: याला सोडा, मी जशी रडतेय तशी याची आई रडायला नको. एकाच गुन्ह्यावर त्याच बाईच्या तोंडी दोन ग्रंथांनी दोन उत्तरं घातली, आणि आपल्या परंपरेनं दोन्ही जपली. अश्वत्थाम्याला फाशीही नाही आणि माफीही नाही. जखमेसाठी तेल मागत तो अजून फिरतोय म्हणतात, नर्मदेच्या परिक्रमेला जाऊन आलेले लोक तर शपथेवर सांगतात.

व्यासांनी कारण दाखवलं, कृत्य दाखवलं आणि ते ज्यांच्यावर ओढवलं त्यांनाही दाखवलं. मारणाऱ्याच्या मनात शिरणाऱ्या कुठल्याही कादंबरीला मी आता हीच पट्टी लावतो. तिसरी बाजू पानावर आहे का?

"मी" म्हणणाऱ्याचं वजन

वाचकाला कुणाच्याही बाजूला ओढायचं सगळ्यांत जुनं साधन म्हणजे प्रथमपुरुषी निवेदन. ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली की ऐरोलीनंतर तुम्हाला एक तर एमआयडीसी आणि मागचा डोंगर दिसतो, नाहीतर खाडीच्या अंगाची वस्ती. दुसऱ्या बाजूला काय आहे हे माहीत असतं, पण वाशी येईपर्यंत डोळ्यांसमोर तुमचीच बाजू. "मी" म्हणून बोलणारं पात्र वाचकाला अशा एका खिडकीशी बसवतं.

मराठी वाचकाला याचा मोठा अनुभव आहे. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ची. तीत कर्ण स्वतः बोलतो. ती वाचून वाढलेल्या आपल्या दोन-तीन पिढ्यांना कर्ण म्हटलं की आधी सूतपुत्र म्हणून झालेला अपमान आठवतो. सभापर्वातला कर्ण, जो दुःशासनाला पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घ्यायला सांगतो, तो आठवायला जरा वेळ लागतो. यात कुणी कुणाला फसवलं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या तोंडून गोष्ट ऐकतो त्याचा वकील आपण आपोआप होतो, एवढंच.

दुसरं साधन क्रमाचं. काकांना जिची दया आली ती हाना श्मिट्झ, बर्नहार्ड श्लिंक यांच्या १९९५ च्या जर्मन कादंबरीतली. इंग्रजीत ती 'द रीडर' म्हणून गाजली आणि २००८ साली तिच्यावर सिनेमाही आला. कादंबरीचा पहिला भाग म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्याहून बरीच मोठी ट्रामवरची कंडक्टर यांचं प्रकरण. तो तिला पुस्तकं वाचून दाखवतो. तिचे हात, तिचं मोजे चढवणं, तिची अंघोळ हे सगळं आपण जवळून बघतो. पुढे कायद्याचा विद्यार्थी झालेला तोच मुलगा कोर्टात जातो तर आरोपींच्या बाकावर ती. युद्धाच्या अखेरीस कैदी बायकांना एका चर्चमध्ये कोंडलेलं असताना बॉम्ब पडून आग लागली आणि पहारेकरणींनी दारं उघडली नाहीत, असा खटला. आपल्याला हाना आधी भेटली आणि चर्च नंतर. उलट क्रमानं भेटली असती तर मोजे चढवतानाचा तो परिच्छेद आपण कसा वाचला असता?

त्यात भर म्हणजे हानाला लिहिता-वाचता येत नाही, आणि ते उघड होऊ नये म्हणून आपण न लिहिलेल्या, त्या आगीबद्दलच्या अहवालाची जबाबदारी ती स्वतःवर घेते. इथं वाचक पुरता विरघळतो. सिंथिया ओझिकसारख्या टीकाकारांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. जर्मनीसारख्या शिकल्यासवरल्या देशानं केलेल्या गुन्ह्याच्या कथेत नायिका म्हणून एक निरक्षर बाई निवडायची, म्हणजे अपवादाला प्रतिनिधी करायचं. मला ही टीका पटते. तरीही शेवटाकडचं एक प्रकरण कादंबरीला सावरून धरतं असं वाटतं. त्या आगीतून वाचलेली मुलगी आता न्यूयॉर्कला राहते. हानानं मागे ठेवलेले पैसे घेऊन निवेदक तिच्याकडे जातो. पैसे चहाच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात. ती पैसे घेत नाही. ते स्वीकारले तर माफी दिल्यासारखं होईल, आणि तशी माफी द्यायची तिची इच्छाही नाही आणि तो तिचा अधिकारही नाही, असं तिचं म्हणणं. डबा मात्र ठेवून घेते. लहानपणी तिच्याकडे असाच एक डबा होता, तो छावणीत चोरीला गेलेला. आमच्या बैठकीत ताईंना हे प्रकरण वाचून दाखवलं तेव्हा त्या पहिल्यांदा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एवढंसंच? दोन-चार पानं?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तिसरी बाजू आहे, पण चिमूटभर.

"तुम्ही काय केलं असतं?"

हाना कोर्टात न्यायाधीशालाच विचारते, तुम्ही काय केलं असतं? न्यायाधीशाला धड उत्तर देता येत नाही, आणि वाचक मनातल्या मनात तिला गुण देऊन टाकतो.

जोनाथन लिटेल यांच्या कादंबरीत हा प्रश्न नुसता प्रश्न राहत नाही, दावा होतो. अमेरिकेत जन्मलेल्या या लेखकानं ती फ्रेंचमध्ये लिहिली. २००६ मध्ये तिला गोंकूर हे फ्रान्समधलं मानाचं पारितोषिक मिळालं. इंग्रजीत तिचं नाव 'द काइंडली वन्स'. निवेदक माक्स आउए हा एसएस या नाझींच्या दलातला अधिकारी. युद्धानंतर ओळख लपवून फ्रान्समध्ये लेसचा कारखाना चालवतोय आणि आपल्याला आठवणी सांगतोय. शिकलेला, संगीताची जाण असलेला, सतत पोटाच्या आणि ओकाऱ्यांच्या तक्रारी असलेला माणूस. सुरुवातीलाच तो वाचकाला "मानव बंधूंनो" अशी साद घालतो आणि बजावतो की मी तुमच्यासारखाच आहे, माझ्या जागी असता तर तुम्हीही हेच केलं असतं. शेकडो पानं त्याच्याच डोक्यात राहायचं म्हणजे दमछाक होते. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांनी ती सोडली, त्यांना मी नावं ठेवत नाही.

पण हा दावा खरा आहे का? इथं कादंबरी बाजूला ठेवून इतिहासाकडे जाता येतं. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या युझेफूव गावात जर्मन राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची बटालियन पोहोचली. पाचशेच्या आसपास माणसं, बरीचशी हॅम्बुर्गकडची, मध्यमवयीन, पोराबाळांची. कट्टर नाझी म्हणून निवडून काढलेली नव्हेत. त्यांच्या मेजर ट्रॅपनं सकाळी सगळ्यांना गोळा करून हुकूम सांगितला: कामाला येतील असे पुरुष वेगळे काढायचे, बाकीच्या बायका, मुलं, म्हाताऱ्यांना गोळ्या घालायच्या. सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. आणि मग त्यानं एक विलक्षण गोष्ट केली. वयानं मोठ्या असलेल्यांपैकी ज्याला हे जमणार नाही त्यानं बाजूला व्हावं, असं सांगितलं. दहा-बारा जण बाजूला झाले. त्यांना शिक्षा झाली नाही. दिवसभरात आणखी काही जण काहीतरी निमित्त काढून सटकले. उरलेल्यांनी संध्याकाळपर्यंत सुमारे १५०० ज्यूंना मारलं.

ख्रिस्तोफर ब्राउनिंग या इतिहासकारानं या माणसांच्या नंतरच्या जबान्या तपासून १९९२ मध्ये 'ऑर्डिनरी मेन' हे पुस्तक लिहिलं. त्यात ब्रेमरहाफनच्या एका पस्तिशीच्या कामगाराची जबानी आहे. तो सांगतो की मी फक्त मुलांना गोळ्या घालत होतो. शेजारचा सहकारी आयांना मारत होता, आणि आईवाचून मूल काही जगणार नाही, म्हणून त्याची सुटकाच केल्यासारखं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटवून खाली फिरून आलो. त्याच्या वाक्यांत कुठं अडखळणं नाही. कारण आहे, कार्य आहे, वर दयेची भाषासुद्धा आहे. मारणारा स्वतःशी कसा बोलतो हे कळायला हे एवढं पुरेसं आहे, आणि चांगला कादंबरीकार नेमकं हेच पकडतो.

युझेफूवमुळे दोन्हीकडची सोय मोडते. "कुणीही हेच केलं असतं" हे खोटं, कारण काहींनी केलं नाही आणि त्यांचं काही बिघडलंही नाही. आणि "मी तर कधीच केलं नसतं" हेही छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण बाजूला होणारे मूठभर होते. बाकीच्यांना काय अडलं? ब्राउनिंग ज्या कारणांवर भर देतो त्यातलं एक आपल्या ओळखीचं आहे. गटातून बाहेर पडणं म्हणजे घाण काम दुसऱ्यांच्या गळ्यात टाकणं, भित्रा ठरणं. कृपाचार्य इथंच कुठंतरी उभा आहे. डॅनियल गोल्डहागन या दुसऱ्या अभ्यासकानं त्याच बटालियनची कागदपत्रं वाचून १९९६ मध्ये उलट निष्कर्ष काढला: दडपण वगैरे काही नाही, त्यांच्यात ज्यूद्वेष मुरलेला होता. तो वाद अजून धुमसतो.

मारणाऱ्याचं स्वतःबद्दलचं बोलणं किती खरं मानायचं, हाही प्रश्न आहेच. ज्यूंना छावण्यांकडे धाडण्याची व्यवस्था बघणारा नाझी अधिकारी आइशमन याच्यावर १९६१ मध्ये जेरुसलेमला खटला चालला तेव्हा काचेच्या पिंजऱ्यात बसलेला तो एखाद्या कारकुनासारखा दिसत होता. मी फक्त हुकूम पाळले, हे त्याचं पालुपद. तत्त्वचिंतक हॅना आरेंट यांनी त्यावरून दुष्टपणाच्या सामान्यपणाचा विचार मांडला आणि तो जगभर पोहोचला. पण आइशमन अर्जेंटिनात लपलेला असताना त्याच्याशी झालेल्या लांबलचक ध्वनिमुद्रित गप्पा आहेत. त्या आणि इतर कागदपत्रं धुंडाळून बेटिना श्टांगनेट यांनी २०११ मध्ये दाखवलं की तिथं तो आपल्या कामाबद्दल अभिमानानं बोलत होता. पिंजऱ्यातला कारकून हे बऱ्याच अंशी नाटक होतं. कादंबरीतल्या "मी"लाही हीच शंका लावावी. तो आठवतोय, की बाजू मांडतोय?

वाचल्यानं माणूस चांगला होतो का?

थोडक्यात आटोपतो, कारण इथं ठामपणे सांगण्यासारखं फारसं नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात किड आणि कास्तानो यांचा प्रयोग आला: साहित्यिक गोष्टी वाचल्यावर दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता वाढते. पेपरांतून गाजावाजा झाला. नंतर इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तर निकाल तसा मिळाला नाही. त्यामुळे वाचनानं माणूस आपोआप संवेदनशील होतो, हे आपण ग्रंथालयाच्या वार्षिक समारंभातल्या भाषणापुरतं ठेवू.

डॅनियल बॅट्सन यांचा १९९५ चा प्रयोग मला जास्त कामाचा वाटतो. लोकांना एका दुर्धर आजारी मुलीबद्दल ऐकवलं. काहींना सांगितलं तटस्थपणे ऐका, काहींना सांगितलं तिला काय वाटत असेल ते मनात आणा. मग विचारलं, तिला उपचारांच्या प्रतीक्षायादीत वर सरकवायचं का? दुसऱ्या गटानं पहिल्याच्या मानानं कितीतरी जास्त वेळा तिला वर सरकवलं. यादीत तिच्या आधी असलेल्या मुलांची गरज अधिक होती, हे माहीत असूनही. त्या मुलांचा आवाज कुणी ऐकला नव्हता, ती फक्त यादीत होती. मारणाऱ्याच्या तोंडून सांगितलेल्या कादंबरीत मेलेले लोक असेच यादीत राहतात. आपली कणव वाईट असते असं नाही, पण ती जवळच्या माणसापाशी अडकते, आणि कोण जवळ आणायचं हे लेखकाच्या हातात असतं.

दार अर्धवट उघडं ठेवणारे

काही लेखक मारणाऱ्याला बोलू देतात, पण वाचकाला त्याच्या कुशीत शिरू देत नाहीत. यातला माझा आवडता उर्दू कथाकार मंटो. फाळणीच्या कत्तलींवरचं त्याचं 'सियाह हाशिये' १९४८ चं. त्यात काही ओळींच्या गोष्टी आहेत. एकीत सुरा पोट फाडत खाली जातो, इजारीची नाडी तुटते, आणि मारणाऱ्याच्या तोंडून हळहळ निघते की मिस्टेक झाली. एवढीच गोष्ट. आपण ज्याला मारायला आलो तो हा नव्हता, हे त्याला शरीराच्या खुणेवरून कळलं. मारणारा बोलतो, हळहळतोसुद्धा, पण त्याचं बालपण नाही, बायको नाही, कारण नाही. दया यायला जागाच ठेवलेली नाही. नंतर आलेल्या 'ठंडा गोश्त'मध्ये मात्र मंटो त्याच जातीच्या माणसाला जवळ आणतो. त्यातल्या ईशरसिंगला त्यानं केलेल्या कृत्यानं आतून संपवलंय, आणि ते आपल्याला त्याच्या शरीरावरून कळतं. त्या कथेवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. माणूस मारण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

सिनेमात हेच काम जोनाथन ग्लेझरच्या २०२३ च्या 'द झोन ऑफ इंटरेस्ट'नं केलं. आउश्वित्झचा कमांडर ह्योस, त्याची बायको, मुलं, बाग, आणि बागेच्या भिंतीपलीकडे छावणी. पलीकडचं काही दाखवत नाहीत, फक्त ऐकू येतं. घरातल्यांनाही कॅमेरा लांबूनच बघतो. बायको एक फरचा कोट घालून बघते, त्याच्या खिशात लिपस्टिक सापडते, ती लावून बघते. ज्या बाईची ती होती तिच्याबद्दल एक अक्षर नाही, आणि तरी तो प्रसंग संपेपर्यंत तीच खोलीत असते. तिसरी बाजू अशीही आणता येते, एका वस्तूवर.

आपले लोक

हे सगळं जर्मनीचं, पोलंडचं, म्हणून आपण निवांत असतो. खरं तर ज्यू ठाणेकरांना परके नाहीत. सिव्हिल हॉस्पिटलजवळचं शाआर हाशामाईम हे सिनेगॉग १८७९ चं, आणि तिथल्या बेने इस्राएलींची घरची भाषा मराठी. मराठीनं त्या काळाची दखलही लवकर घेतली. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची. युरोपातून निघालेल्या बोटीवर मराठी तरुण आणि ज्यू निर्वासित मुलगी हेर्टा. पण तिथं आपण बघ्यांच्या, फार तर प्रियकराच्या बाजूला आहोत. मारणारे दुसरे कुणी.

मग आपले मारणारे कुठं आहेत? बंगालमध्ये आजही एक अंगाईगीत म्हणतात. बाळ झोपलं, गल्ली निजली, देशात बर्गी आले. बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कशानं भरू? ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून दहाएक वर्षं बंगालवर चढाया करत होत्या. १७५१ च्या तहात सालाना बारा लाखांची चौथ ठरली तेव्हा त्या थांबल्या. कलकत्त्यात इंग्रजांनी खणलेल्या खंदकाला 'मराठा डिच' म्हणायचे तो याच भीतीपोटी. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं तेव्हाच यावर 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. त्यात पळणाऱ्या माणसांची मोठी यादी आहे: पोथ्यांची ओझी घेतलेले पंडित, तराजू-वजनं घेतलेले सोनार, जाळी घेतलेले कोळी. आणि पैसे द्या, पैसे द्या म्हणत, न मिळाले तर लोकांच्या नाकात पाणी भरणारे बारगीर.

मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा काका चपापले. "अहो, पण रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, त्यांना बंगालच्या नवाबानं, अलिवर्दीखानानं, बोलणीसाठी तंबूत बोलावून दगा दिला, ते?" खरं आहे. १७४४ मध्ये बंगालमधल्या मानकरा या ठिकाणी भास्करपंत आणि त्यांचे सरदार असेच कापले गेले. पण गंगारामच्या सोनाराला १७४२ पासूनच पळावं लागत होतं. काकांना हानाची दया आली तेव्हा स्वतःची शंका आली होती. आपल्या बारगिराची बाजू मात्र त्यांनी एका श्वासात घेतली, आणि शंका आली नाही. मला तरी या सगळ्या वाचनातलं हे सर्वांत बोलकं वाटलं. परक्या मारणाऱ्याची दया आली की आपण दचकतो आणि तपासायला लागतो. आपल्याची येते तेव्हा तिला इतिहास म्हणतो.

ऐरोलीहून येणारा आमचा एक तरुण सदस्य लिहितो वगैरे. त्यानं विचारलं, मग बारगिराच्या तोंडून कादंबरी लिहायचीच नाही का? लिही की. मला वाटतं ती प्रथमपुरुषीच हवी. बारगीर म्हणजे ज्याचं घोडं आणि हत्यार स्वतःचं नाही असा स्वार. दोन्ही सरकारातून मिळतात आणि त्यामुळे मान कायम अडकलेली. वऱ्हाडातलं पडीक शेत, घरी वाट बघणारी माणसं, परमुलखातला पाऊस, भास्करपंतांच्या खुनाची बातमी छावणीत पोहोचते ती रात्र. यातलं काही वगळू नये, वाचकाला त्याच्याबद्दल वाटलं पाहिजे. फक्त लुटीत त्याला एक सोनाराचा तराजू मिळू दे. छोटा, पितळी पारड्यांचा, पेटीसकट. तो त्यानं नागपूरपर्यंत बाळगावा आणि विकायला एखाद्या सराफाच्या दुकानात न्यावा. सराफ पारडी उचलून बघणार, वजनांवरचे बंगाली आकडे बघणार आणि विचारणार, "हा कुणाचा रे?" त्या प्रश्नावर हा जे काही सांगेल, ते पुढच्या प्रकरणात त्याच्याच तोंडून आपण जे वाचू त्याच्याशी जुळता कामा नये.